सवाना आणि सडा

जुलै ते ऑक्टोबर हा केनियातल्या मसाई माराचा गर्दीचा हंगाम. टांझानियातल्या सेरेंगेटीतून उत्तरेकडे सरकलेले विल्डबीस्टचे कळप या महिन्यांत मारा नदी ओलांडतात, आणि ते पाहायला जगभरातून माणसे येतात. त्यांत आता मराठी माणसेही मोठ्या संख्येने असतात. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्यांच्या सहलींमध्ये रत्नागिरी-चिपळूणचे व्यापारी, डॉक्टर, निवृत्त शिक्षक दिसू लागले आहेत. उजाडायच्या आधी छपराची झडप उघडणाऱ्या जीपमधून निघायचे, चालक-वाटाड्याच्या रेडिओवर दुसऱ्या गाडीची खबर येताच वाट बदलायची, दहा-अकराच्या सुमारास तळावर परतायचे, उन्हे कलली की पुन्हा बाहेर पडायचे, असा या गेम ड्राइव्हचा दिनक्रम. या फेऱ्यांत सिंह दिसतात, हत्ती दिसतात, नशीब असेल तर चित्ताही दिसतो. पण प्राणी दिसण्याआधी तिथे आणखी एक गोष्ट दिसलेली असते, आणि तिची दखल सहसा कोणी घेत नाही. ती म्हणजे मोकळी जमीन. एका नजरेत चार-पाच किलोमीटरचा मुलूख येतो म्हणूनच ही करमणूक शक्य होते. तशीच जीप तसाच वाटाड्या घेऊन ताडोब्याच्या मोहर्ली फाटकातून आत शिरते तेव्हा दोन्ही अंगांना बांबू आणि साग असतो, नजर पाच-पन्नास फुटांवर अडते, आणि वाघ आहे की नाही हे चितळाच्या किंवा वानराच्या इशाऱ्यावरून ताडावे लागते. जंगलातली सफारी कानावर चालते, सवानातली डोळ्यांवर. गेम ड्राइव्हची सगळी इमारत गवतावर उभी आहे, आणि गवत तिथे का टिकले हे समजून घेतले तर रत्नागिरीच्या जमिनीकडे बघण्याची रीतही बदलावी लागते. या प्रकरणात मला तेच मांडायचे आहे.

सवाना म्हणजे कोणी तोडून टाकलेले जंगल, असा समज फार जुना आहे. वसाहतकाळातल्या वनाधिकाऱ्यांच्या डोक्यात तो घट्ट बसलेला होता, आणि त्यांच्याकडून तो आपल्या वनखात्यांकडे आला. सेरेंगेटीच्या दक्षिणेकडची आखूड गवताची मैदाने हा समज खोटा ठरवतात. न्गोरोन्गोरोच्या आसपासच्या ज्वालामुखींची राख हजारो वर्षे वाऱ्याबरोबर इथे येऊन साचली. पावसाने तिच्यातला चुना विरघळून खाली उतरला आणि थोड्याच खोलीवर सिमेंटसारखा घट्ट थर तयार झाला. झाडाचे मूळ त्याला भेदू शकत नाही. गवताची मुळे वरच्या वितीभर मातीत भागवतात. त्याच राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, म्हणून फेब्रुवारीच्या सुमारास विल्डबीस्टच्या माद्या विण्यासाठी नेमक्या या मैदानावर येतात. झाड नसणे हे इथे कुठल्याही नुकसानीचे लक्षण नाही. झाड नाही म्हणून गवत आहे, गवत आहे म्हणून कळप आहेत, कळप आहेत म्हणून सिंह आहेत, आणि सिंह आहेत म्हणून जीप येते.

उत्तरेकडे, जिथे माती खोल आहे आणि पाऊस जास्त आहे, तिथे हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. तिथे गवत आणि झाड यांच्यातली सीमा वणवा आणि चराई यांच्या खेचाखेचीत ठरते. याचा फार मोठा पुरावा एका गुरांच्या रोगाने दिला. बुळकांडी, म्हणजे रिंडरपेस्ट, 1880 च्या दशकाच्या अखेरीस गुरांबरोबर आफ्रिकेच्या शिंगात पोचली आणि 1890 च्या दशकात तिने पूर्व आफ्रिकेतली बहुतेक गुरे मारली. मसाई लोकांवर उपासमार ओढवली. विल्डबीस्ट आणि रानम्हशीही मेल्या, आणि पुढची कित्येक दशके रोगाने त्यांची संख्या दाबून ठेवली. 1960 च्या सुमारास सेरेंगेटीत विल्डबीस्ट अडीच लाखांच्या आसपास होते. मग गुरांना लस टोचण्याची मोहीम झाली. लस गुरांना मिळाली, पण गुरांतून रोग हटताच वन्य प्राण्यांतूनही तो नाहीसा झाला, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस विल्डबीस्टची संख्या 13 लाखांवर गेली. इतकी तोंडे गवत खाऊ लागल्यावर वणव्याला जळण उरले नाही, आगी कमी झाल्या आणि रोपे तग धरून झाडे वाढू लागली. ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजून छायाचित्रे काढतो, त्याचा चेहरा गेल्या साठ वर्षांत गुरांच्या लसीने बदललेला आहे. मोकळे रान हे माती, पाऊस, आग, दात आणि माणूस यांनी मिळून राखलेले असते. ते रिकामे पडलेले नसते.

आता रत्नागिरी. खाडीच्या काठची गावे, नारळी-पोफळी आणि भातखाचरे सोडून घाटी चढून वर आले की सडा लागतो. जांभ्या दगडाचे हे सपाट पठार, मैलच्या मैल उघडे. लांजा, राजापूर, संगमेश्वर, खुद्द रत्नागिरी तालुका, सगळीकडे सडे आहेत, आणि ठिकठिकाणी मुंबई-गोवा महामार्गही त्यांच्यावरूनच जातो. एप्रिलमध्ये पाहिले तर काळपट कातळ आणि करपलेले गवत, यापलीकडे डोळ्यांना काही मिळत नाही. सातबाऱ्यावर यातला बराच भाग पोटखराबा म्हणून लागतो. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत उघड्या खडकाळ जमिनीचा एक वर्गच आहे, आणि सड्यासारखी जमीन त्यात जाऊन बसते. जी जमीन पडीक, तिचे काहीतरी करायला हवे असे ओघानेच येते. चिरेखाण काढा, सुरुंग लावून कलमे लावा, प्रकल्प आणा, काहीच नाही तर वनीकरणात अकेशिया लावा. माझे म्हणणे असे की सडा हा मोडलेल्या जंगलाचा अवशेष नाही. तो सेरेंगेटीच्या मैदानासारखाच आपल्या कारणांनी मोकळा राहिलेला, जुना आणि भरलेला अधिवास आहे. ज्या नजरेला मारा मौल्यवान वाटतो, त्याच नजरेने इथेही पाहायला हवे.

यावर पहिला आक्षेप वनस्पतिशास्त्र जाणणाराच घेईल. सवानात पाऊस 500 ते 1000 मिलिमीटरच्या घरात, रत्नागिरीत 3000 च्या वर. इतक्या पावसात मोकळी जमीन राहीलच कशी? सड्याच्या खाली, उतारावर आणि देवरायांत भलेमोठे वृक्ष उभे आहेतच. म्हणजे वरचे जंगल तोडले गेले, माती वाहून गेली आणि कातळ उघडा पडला. आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे: सडा म्हणजे नेमक्या अर्थाने सवाना नव्हे. तो खडकावरचा तृणमय प्रदेश आहे, आणि दोन्हींची गल्लत मी करत नाही. पण तत्त्व एकच आहे. सेरेंगेटीत चुन्याचा थर जे काम करतो, तेच इथे जांभ्याचे कवच करते. पाऊस कितीही पडला तरी मूळ धरायला खोली नाही, आणि पाऊस थांबल्यावर महिन्याभरात वरची माती भट्टीसारखी तापते. जिथे कातळाला भेग आहे, तिथे झाड उभे आहेच. सबंध सडा पूर्वी जंगलाखाली होता असे मानायला मात्र दोन गोष्टी आड येतात.

एक म्हणजे तिथले जीव. दिपकाडीची एक जात कोकणातल्या जांभ्या सड्यांचीच म्हणून ओळखली जाते. पहिल्या पावसानंतर कातळावरच्या इवल्याशा मातीतून तिचे पांढरे फुलोरे वर येतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या एका छोट्या पालीचे शास्त्रीय वर्णन 1963 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून झाले. ती सड्यावरच्या सुट्या दगडांखाली राहते आणि दक्षिण कोकणाबाहेर तिची नोंद नाही. अशा जाती शंभर-दोनशे वर्षांत घडत नाहीत. झाडांची सावली आणि पालापाचोळा यांत त्यांना जागाच नाही. त्या आहेत, याचाच अर्थ उघडा कातळ त्यांच्याइतका तरी जुना आहे. दुसरी गोष्ट त्याहून डोळ्यांत भरणारी आहे: कातळशिल्पे. निसर्गयात्री संस्थेच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरून ही शिल्पे नोंदवली. आज त्यांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली आहे. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांची गर्दी आहे. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरलेला आहे. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरीतली ठिकाणे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अभ्यासक या चित्रांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. नेमका काळ कोणताही ठरो, ज्या माणसाने अठरा मीटरचा हत्ती जमिनीवर आडवा कोरला, त्याच्यासमोर तेवढा उघडा, सपाट कातळ होता. घनदाट जंगलात साफ केलेल्या एखाद्या तुकड्यावर असे एखादे चित्र निघू शकेल. राजापूरपासून संगमेश्वरापर्यंत सड्यामागून सड्यावर शेकडो चित्रे निघत नाहीत. काही चित्रांवर पातळ माती चढली होती आणि ती झाडून काढावी लागली हे खरे, पण हाताने झाडता येईल इतकी माती जंगल वाढवत नाही.

याच चित्रांत असे प्राणी आहेत जे कोकणात आज नाहीत. काही आकृती अभ्यासकांनी गेंडा म्हणून ओळखल्या आहेत, काही पाणघोड्याशी मिळत्याजुळत्या आहेत. चित्रावरून प्राण्याची जात सांगण्यात धोका असतो, आणि कोरणाऱ्याने ते जनावर इथेच पाहिले की दूर कुठे, हेही चित्र सांगत नाही. तरी गुजरातेतल्या लांघणजला मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याची हाडे मिळाली आहेत, म्हणजे त्या काळी पश्चिम भारतात गेंडा होता याबद्दल शंका नाही, आणि आपला गेंडा गवताळ, दलदलीच्या मुलखात राहणारा आहे. पावसाळ्यातला सडा आणि त्याच्या कडेच्या पाणथळ जागा त्याला परक्या वाटल्या नसत्या. यापुढे जाऊन काही म्हणणे आजच्या पुराव्यात बसत नाही. पण एवढे दिसते की इथल्या माणसाने मोठी जनावरे न्याहाळली, ती कातळावर उतरवली, आणि त्यासाठी त्याने सडाच निवडला.

हे सगळे मान्य केले तरी दुसरा आक्षेप उरतो, आणि सहलीला जाणाऱ्याच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. माऱ्यात लाखोंचे कळप आहेत, इथे एक पाल आणि एक फूल. पाहायचे काय? मोठे प्राणी सड्यावर फार नाहीत ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. बिबट्या आहे, पण तो रात्रीचा आणि लपणारा. कोल्हा आणि साळिंदर आहेत. पण जीवांची संख्या हा निकष लावला तर सडा गरीब ठरत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारण्याला इनाम लावले होते. 1862 च्या डिसेंबरमध्ये इनाम दोन आण्यांवर नेल्यावर आठ दिवसांत 1,15,921 फुरशी लोकांनी आणून दिली. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने नोंदवलेला हा आकडा आहे. फुरसे हे उघड्या, दगडाळ, कोरड्या जमिनीवरचे जनावर. आठ दिवसांत लाखाहून जास्त विषारी साप ज्या जमिनीतून निघतात, त्या जमिनीत त्यांचे भक्ष्य असलेले विंचू, गोमा, सरडे, बेडूक, उंदीर किती असतील याचा अंदाज करता येतो. ओसाड हा शब्द तिला लागू पडत नाही. त्या मोहिमेतल्या क्रूरतेबद्दल आज बोलायला हवे, पण गावकऱ्याला फुरशाची भीती का वाटे हेही विसरता कामा नये. चुडीच्या उजेडात अनवाणी चालणाऱ्या माणसाला ते चावत होते.

आणि पाहण्यासारखे काय, याचे उत्तर ऑगस्टमधल्या सड्यावर मिळते. सड्यावर एकच खळगा निवडून त्याच्यापाशी बसावे, परातीएवढा असला तरी पुरे. पाणी बोटभर. तळाला गाळाचा तपकिरी थर, आणि त्यात गेल्या पावसाळ्यात घातलेली सूक्ष्म कवचधारी जीवांची अंडी सात-आठ महिने भाजून निघाल्यावर फुटलेली. पाण्यात बेडकांची पिल्ले, शेपटी गळण्याच्या बेतात, कारण खळगा आटायच्या आत त्यांना बाहेर पडायचे आहे. काठावर मातीची एक पट्टी, नखभर जाडीची. तिच्यावर सीतेची आसवे फुललेली, जांभळी, टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी. या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून ही वनस्पती पाण्याखालच्या बारीक पिशव्यांत जीव पकडून आपली गरज भागवते. शेजारी दवबिंदूची लालसर पाती चिकट थेंबांनी चमकत असतात, तीही कीटक खाणारी. त्यांच्या मागे एरिओकॉलॉनचे पांढरे गेंद. अशी जमीन जिथे संपते तिथे गवत, आणि गवतात चंडोल. माळटिटवी उन्हाळ्यात उघड्या कातळावरच अंडी घालते, खड्यांच्या रंगाची, पावलाखाली येईपर्यंत न दिसणारी. सेरेंगेटीत चुन्याच्या थराने गवत निवडले. इथे भुकेल्या मातीने मांसाहारी फुले निवडली. कळपांची ये-जा आणि सड्याचे फुलणे नेमके एकाच महिन्यांत होते, आणि रत्नागिरीची माणसे त्या महिन्यांत नैरोबीच्या विमानात बसतात. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणत नाही. मारा पाहावाच. पण परत आल्यावर घराच्या मागची टेकडी ओसाड म्हणून विकू नये.

बारीकसारीक जीव पाहायला पैसे खर्चून कोणी येत नाही, हे म्हणणे याच जिल्ह्याने खोटे ठरवले आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. त्याआधी अंडी उकरून खाल्ली किंवा विकली जात. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणा गावातल्या घरात उतरतो, घरचे जेवतो, आणि सकाळ-संध्याकाळ दोरीमागे उभा राहून तळहातात मावणारी पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतो. पिल्ले निघतीलच याची हमी कोणी देत नाही, तरी माणसे मुंबई-पुण्याहून येतात. या व्यवस्थेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे पैसा घराघरांत जातो, आणि म्हणून घरटे राखण्यात गावाचा स्वार्थ आहे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या सड्यावरच्या हत्तीभोवती कठडा बांधून घेतला, तोही याच समजुतीने.

माऱ्याचा खरा धडा इथेच आहे, आणि तो जीपमधून दिसत नाही. मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे. पण प्राणी सीमा पाळत नाहीत, आणि क्षेत्राच्या उत्तरेकडची जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. पूर्वी ती सामूहिक कुरणे होती. नंतर वाटण्या होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडे झाले. तुकडा हातात आला की कुंपण घालावे, गहू लावावा किंवा विकून मोकळे व्हावे, हाच मोह. केनियातले वन्य प्राणी 1977 ते 2016 या काळात सरासरी 68 टक्क्यांनी घटले, आणि त्या घटीमागे हा मोह मोठा होता. त्यावर निघालेला उपाय म्हणजे कॉन्झर्व्हन्सी. शेकडो जमीनमालक आपले तुकडे एकत्र करतात, कुंपण घालायचे नाही असे ठरवतात, आणि पर्यटन तळ चालवणाऱ्या कंपन्या त्यांना दरमहा ठरावीक भाडे देतात, त्या महिन्यात पर्यटक आले की नाही हे न पाहता. ओल किन्येई 2005 मध्ये सुरू झाली, मारा नॉर्थ 2009 मध्ये, नाबोइशो 2010 मध्ये. आज अशा जमिनींचे क्षेत्र राखीव क्षेत्राच्या तोडीचे आहे. गुरे ठरलेल्या क्रमाने तिथेच चरतात. म्हणजे भाडे मिळते ते जमीन मोकळी ठेवण्याबद्दल, माणसे हाकलण्याबद्दल नव्हे. 1959 साली सेरेंगेटीतून मसाईंना बाहेर काढले गेले, त्या जुन्या चुकीचा हा उशिराने दिलेला जबाब आहे.

रत्नागिरीला ही पद्धत लागू पडते, कारण इथलीही परिस्थिती तीच आहे. या जिल्ह्यात वनखात्याच्या मालकीची जमीन अगदी थोडी. डोंगर, राया, सडे बहुतेक खाजगी सातबाऱ्यांवर आहेत. म्हणून अभयारण्य जाहीर करून सडा वाचवण्याची कल्पना इथे चालणार नाही, आणि चालू नये. सडा वाचेल तो खातेदाराला मोकळेपणाची किंमत मिळाली तर. लोक विचारतात, हापूस लावला तर एका हंगामात जे मिळेल ते कोण देणार? प्रश्न रास्त आहे. 1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातल्या कितीतरी घरांना उभे केले, आणि त्या कष्टांचा अनादर करणारे लेखन मला मान्य नाही. पण कातळावरचे कलम फुकट उभे राहत नाही. सुरुंगाने खड्डा, ट्रकने आणलेली माती, उन्हाळाभर पाणी, मग फवारण्या, आणि इतके करून अवेळी पाऊस आला की मोहोर गळतो. उताराच्या खोल मातीत बाग आणि वरचा कातळ मोकळा, ही वाटणी आंब्याच्या हिताचीही आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना, पऱ्यांना आणि विहिरींना मिळतो. तो कातळ फोडून, चिरे काढून जिथे खाणी पडल्या, तिथे खालच्या वाडीला मार्चमध्ये टँकर मागवावा लागला तर आश्चर्य वाटायला नको.

पर्यटन आले की सडा तुडवला जाईल, या भीतीला माझ्याकडे सोपे उत्तर नाही, कारण माऱ्यातच तिचा पुरावा आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात चित्त्याची मादी एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत वाढवते. वर्दळ दाट असलेल्या भागात हे प्रमाण 0.2 वर येते, म्हणजे पाच वेतांमागे एखादे पिल्लू. गाड्यांच्या गराड्यात मादीला शिकार साधत नाही, किंवा मारलेली शिकार सोडून जावे लागते. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या असा नियम आहे, पण नदीच्या काठावर तो रोज मोडला जातो. कॉन्झर्व्हन्सींमध्ये तो पाळला जातो, कारण तिथे जमीनमालकाचे डोळे आहेत आणि गाड्याच मोजक्या आहेत. साताऱ्याचे कास पठारही हेच सांगते. गर्दी आवरायला प्रवेशशुल्क आणि रोजची मर्यादा आली हे चांगले झाले. पण कुंपणही आले, गुरे आत येईनाशी झाली, उंच गवत माजून फुले दबू लागली अशी ओरड झाली, आणि शेवटी कुंपण काढावे लागले. विल्डबीस्टने सेरेंगेटीत जे दाखवले तेच गावच्या म्हशींनी कासवर दाखवले. म्हणून सड्यावर चारचाकी चढू देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. टायरचा एक चर खळग्यांची सबंध रांग फोडून पाणी काढून देतो. इथली फेरी पायी, ठरलेल्या वाटेने, गावातल्या वाटाड्याबरोबर, आणि गुराखी आपल्या जागी. गेम ड्राइव्हमधून घेण्यासारखी गोष्ट जीप नव्हेच, वाटाड्या आहे. कोणत्या दगडाखाली पाल आहे आणि तो दगड उचलून पुन्हा तसाच कसा ठेवायचा, हे सांगणाऱ्या माणसाला पगार मिळायला हवा.

भाडेपट्ट्याच्या मार्गातल्या अडचणी खऱ्या आहेत. रत्नागिरीतला सातबारा सामाईक असतो. एका गटावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. मसाईंच्या वाटण्या निदान कागदावर पक्क्या होत्या. शिवाय 2020 मध्ये कोविडने पर्यटक थांबले तेव्हा माऱ्यातल्या मालकांची भाडी कापली गेली, आणि केवळ पर्यटनावर विसंबण्यातला धोका उघडा पडला. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांना, विशेषतः बायकांना, या व्यवस्थेतून थोडेच मिळते, हीही टीका तिथे झाली आहे. वेळासला निवासाचे काम घरातल्या बायकांच्या हातात असल्याने ही उणीव काही प्रमाणात भरून निघते. म्हणून एकट्या भाड्यावर न थांबता, चराई, गवताची कापणी, कातळशिल्पांचे दर्शन, पावसाळी फेऱ्या असे चार हात असलेली व्यवस्था इथे अधिक टिकेल असे वाटते.

पण त्याच्या आधी करायचे एक काम आहे आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि नोंदवही बंधनकारक केली आहे, आणि त्याच कायद्याखाली एखादी जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर करता येते. आंबोलीत 2021 मध्ये मंदिराजवळच्या पाण्यातल्या बोटभर माशासाठी अशी जागा जाहीर झाली, म्हणजे आकाराने लहान जीव कायद्याला चालतो. अडचण वेळेची आहे. मोठ्या प्रकल्पाच्या पर्यावरणीय आघात अहवालासाठी एका हंगामाची पाहणी पुरते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून दुसरा असायचा असतो. पाहणी करणारा मार्चमध्ये सड्यावर येतो, त्याला काळा कातळ दिसतो, आणि त्याच्या तक्त्यात वनस्पतींच्या रकान्यात चार झुडपे येतात. दिपकाडी कंदाच्या रूपाने जमिनीत असते, खळग्यातली अंडी गाळात असतात, सीतेच्या आसवांचे नुसते बी उरलेले असते. बारसूच्या सड्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण झाले आणि त्यावरून रण माजले, तेव्हाही जमीन याच अवस्थेत होती. प्रकल्प हवा की नको हा वाद ज्याने त्याने घालावा, पण तो घालताना जमिनीवर काय आहे याची जूनपासून दिवाळीपर्यंतची नोंद दोन्ही बाजूंच्या हातात असली पाहिजे. ती गावाच्या नोंदवहीत गट क्रमांकासह, फुलण्याच्या महिन्यासह चढवणे हे शाळेतल्या शिक्षकाला, गुराख्याला आणि वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला मिळून दोन पावसाळ्यांत जमण्यासारखे आहे.